मारियाच्या आईचे पैसे

मला संशय येतो. दूधवाल्याचा येतो, सोसायटीच्या सेक्रेटरीचा येतो, आणि फार गोड बोलणाऱ्या माणसाचा तर पहिल्या वाक्यालाच येतो. आई म्हणते, "तुका घो गावना नाय तो ह्याच सोभावापायी." असेलही; नवरा मिळाला नाही हे खरं. पण याच स्वभावावर माझं पोट चालतं. अंधेरीला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे आणि तिथे मला संशय घेण्याचा पगार मिळतो.

काम साधं आहे. क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारी एक्स्चेंज असतात. लोक तिथे पैसे ठेवतात, आणि हे दुकान रातोरात गाशा गुंडाळणार नाही असं त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. ते आम्ही सांगतो. एक्स्चेंजला किती विश्वासू म्हणायचं हे गिऱ्हाइकांच्या रेटिंगवरून ठरतं, आणि ही रेटिंग ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या साखळीवर, चढलेली असतात. रेटिंग देणाऱ्याच्या वॉलेटची, म्हणजे त्याच्या क्रिप्टोच्या खात्याची सही, दिल्याची वेळ, लिहिलेला मजकूर, सगळं एकाच वेळी जगभरच्या कम्प्युटरांवर नोंदलं जातं. एकदा नोंदलं की खोडायची सोय नाही. शिवाय ज्याने खरोखर पैसे भरले आणि काढले, त्यालाच रेटिंग देता येतं. आमचे साहेब देवव्रत सर मुलुंडहून येतात आणि आल्या आल्या कोणाला ना कोणाला सांगतात, "साखळी खोटं बोलत नाही." मी मान डोलावते. दगडावर कोरलं म्हणून खरं ठरत असतं तर निवडणुकीतल्या सगळ्या कोनशिला खऱ्या झाल्या असत्या, हे मनातल्या मनात म्हणते.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर 'निर्धोक' नावाचं एक्स्चेंज होतं. ज्याला नावातच निर्धोक म्हणवून घ्यावं लागतं त्याच्याकडे मी जरा जास्तच बारकाईने बघते. पण रेटिंग झकास होती. सिंगापूर, नैरोबी, लिस्बन, कुठून कुठून लोक लिहीत होते की पैसे काढायला गेलो आणि चहा निवायच्या आत मिळाले. शुक्रवारी मला सही करायची होती. माझी सही झाली की निर्धोकच्या नावापुढे आमचा हिरवा शिक्का लागणार होता.

आणि त्या शिक्क्याकडे माझी आई डोळे लावून बसली होती.

आमच्या मजल्यावर तेजलबेन राहतात. बोरीवलीत गुजराती शेजार असला की दोन गोष्टी न मागता मिळतात, ढोकळा आणि गुंतवणुकीचा सल्ला. तेजलबेननी निर्धोकमध्ये थोडे पैसे टाकले होते आणि त्यांचे वाढलेले आकडे त्या आईला फोनवर दाखवत. आईकडे बाबांच्या मागे आलेले पैसे होते. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, आणि त्या सगळ्या वर्षांचं जे काही उरलं ते आईने पोस्टात ठेवलं होतं. त्याची मुदत संपली होती. घरात तिच्या नावावर तेवढंच होतं. पासबुक ती उशाखाली घेऊन झोपते, आणि झोपते कसली, रात्रीतून चार वेळा हात घालून बघते.

"तुझ्या हापिसात तेची परीक्षा चालू आसा मा?" तिने मला विचारलं. "पास झाली काय सांग माका. घालूया पैशे."

"शुक्रवारपर्यंत थांब," मी म्हटलं.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ देवेश ताटावरून उठला. "काय थांब? टाकायचेच नाहीत. आई, पोस्टातच ठेव परत."

"का रे? तुला काय माहीत त्यातलं?" मी विचारलं.

"काय माहीत नाही. पण नाही टाकायचे." एवढं बोलून तो हात धुवायला गेला, आणि बराच वेळ धूत राहिला.

देवेश असा नाही. शेअर, भिशी, लॉटरी, कोणी काहीही सांगितलं की त्याचा पहिला शब्द असतो, "टाकून बघू ना यार." असा माणूस एकाएकी सावध झाला की मला शंका येणारच. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. मग कोकणात आमच्याच तालुक्यातल्या माणिकशेठने त्याला साकीनाक्याला लावून घेतलं होतं, ऑनलाइन कस्टमर सपोर्टच्या कामाला. आता मानसीशी त्याचं लग्न ठरत होतं आणि खोलीसाठी त्याला पैसे लागणार होते. मी सरळ हिशेब मांडला. याला आईचे पैसे स्वतःसाठी मोकळे हवेत. त्या आठवड्यात आम्ही त्यावरून तीनदा भांडलो. मी त्याला स्वार्थी म्हटलं, त्याने मला शहाणी म्हटलं. आई गप्प ऐकत होती.

ऑफिसात मी निर्धोकची रेटिंग तारखेप्रमाणे लावली. रोज पाऊस पडल्यासारखी रेटिंग पडत होती, आणि मध्येच एका जागी कोरडं ठाक. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला सगळे गप्प. देवव्रत सरांना दाखवलं.

"सर्व्हर बंद असेल," ते म्हणाले.

"मग त्याच्या आदल्या वर्षीही बंद होता. पण तेव्हा सप्टेंबरमध्ये."

"अगं, बाजार मंदावतो कधी कधी. सह्या खऱ्या आहेत ना? वेळा खऱ्या आहेत ना? मग झालं."

झालं नव्हतं. दर वर्षी येणारी आणि दर वर्षी तारीख बदलणारी ही कसली सुट्टी? ख्रिसमस जागचा हलत नाही. मी पँट्रीत चहा आणायला गेले तर भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं, तिथीवालं. मी पानं उलटली, मग फोनवर मागच्या वर्षांच्या तारखा काढल्या. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी होती. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये.

मी चहा तसाच ठेवून जागेवर आले. कोरड्या दिवसांनंतर रेटिंग एकदम सुरू झालेली नव्हती. आधी थोडी वॉलेट्स जागी झाली, दीड दिवसाचे गणपती बुडवून गाडी पकडली तर मुंबईला पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या अंतराने. मग गौरी-गणपती गेल्यावर मोठा जथा. उरलेले अनंत चतुर्दशीनंतर. म्हणजे आमचे सिंगापूरचे गिऱ्हाईक दीड दिवसवाले होते आणि नैरोबीचे गौरी-गणपतीवाले. मी एकटीच हसत सुटले. जगभरची ही सगळी समाधानी मंडळी कुठल्यातरी एका खोलीत बसून लिहीत होती, ती खोली कोकणातल्या माणसांनी भरलेली होती, आणि चतुर्थी आली की खोलीला कुलूप लावून सगळे गावाला जात होते. साखळी खरंच खोटं बोलली नव्हती. तिने प्रत्येकाची रजासुद्धा नोंदवून ठेवली होती.

पण सगळेच गेले नव्हते. मूठभर वॉलेट्स गेल्या वर्षी गणपतीतही लिहीत होती, चतुर्थीच्या दिवशीसुद्धा. ती मी वेगळी काढली. ही खरी गिऱ्हाइकं असणार, असं माझं मत झालं. त्यातलं एक रेटिंग मी दोनदा वाचलं. लिस्बनच्या कोणा मारियाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'माझी आई विधवा आहे. बँकेचं पुस्तक उशाखाली घेऊन रात्रभर जागायची. तिचे पैसे इथे ठेवले. आता ती दिवा मालवला की झोपते.' मला बरं वाटलं. आया सगळीकडच्या सारख्याच, लिस्बनमधल्यासुद्धा. असं वाक्य भाड्याने लिहून होत नाही, हे मी स्वतःला सांगितलं. खोटे पुष्कळ असले तरी थोडे खरे आहेत, अशी मी रिपोर्टाची पहिली ओळ लिहूनही ठेवली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई कुळीथ निवडत बसली होती. "औंदा गणपतीची तिकिटा येळेर काढूक व्हयी," ती म्हणाली. "गेल्या वर्सा गणपती सुतकात गेलो बिचारो."

मी चपला काढत होते, ती एका पायावर तशीच थांबले.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर घाटकोपरचे धाकूकाका वारले. भावकीला सुतक लागलं. आमच्या घरी गणपती आला नाही, आम्ही कोणी गावाला गेलो नाही. माणिकशेठकडची सगळी पोरं गावाला गेली आणि देवेश एकटा कामावर जात राहिला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र तो आमच्याबरोबर गावाला होता. मी लॅपटॉप उघडला. माझी ती मूठभर खरी गिऱ्हाइकं आदल्या वर्षी गणपतीत गप्प होती. गेल्या वर्षी तेवढी बोलत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तरी मी मनाची समजूत घातली. सुतक काय एका आमच्याच घरी येतं? मग धाकूकाकांच्या बाराव्याची तारीख काढली. त्या दिवशी देवेश सकाळपासून घाटकोपरला होता, पंगती वाढत होता, संध्याकाळी तिथूनच कामावर गेला होता. मारिया त्या दिवशी सकाळपासून गप्प होती. त्या मूठभरातले बाकीचेही गप्प. दिवेलागणीनंतर सगळे एकामागोमाग बोलायला लागले होते.

आईने विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत मी साकीनाक्याला गेले. लेथचा कारखाना, वर जायला लोखंडी जिना, दारात चपलांचा ढीग. आत भिंतीभर मांडण्या आणि मांडण्यांवर फोन, ओळीने, प्रत्येकाला वायर लावलेली. वर गणपतीचा फोटो, त्याला जास्वंद. आमच्या वाडीतला खंडू तीन फोन पुढ्यात घेऊन बसला होता. मला बघून तो घाईने उठला. "ताई, तू हय खय?"

देवेश मागून आला. माझा दंड धरून त्याने मला जिना उतरवलं आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर नेलं.

"मारिया कोण?" मी विचारलं.

"कोण मारिया?"

"नाटकं नको करूस, देवेश. धाकूकाकांच्या बाराव्याला ती दिवसभर गप्प होती. तू पंगत वाढत होतास तेवढा वेळ."

तो हसला, आणि मग त्याला हसता येईना. त्याने दोन कटिंग सांगितले. "कोणाला बोललीस?"

"अजून नाही. काय काय करतोस ते सांग."

"काय करणार? माणिकशेठला निर्धोकवाले पैसे देतात, तो आम्हाला पगार देतो. वॉलेटमध्ये थोडे भरायचे, थोडे काढायचे, रेटिंग टाकायचं. तेच पैसे पुढच्या वॉलेटला. पगार वेळेवर येतो गं. मी कोणाच्या खिशात हात घालत नाही. मी फक्त लिहितो."

"आणि लोकांना पैसे परत मिळतात?"

"छोटे मिळतात. लगेच मिळतात. त्याच्यावरच तर सगळं चालतं." त्याने चहाचा ग्लास फिरवला. "मोठी रक्कम काढायला गेलं की पडताळणी लावतात. ती पडताळणी संपलेली मी तरी बघितली नाही."

"तेजलबेन तुला राखी बांधतात, देवेश."

"त्यांनी मला विचारून टाकले काय? आईला अडवलं ना मी? सांग, अडवलं की नाही? तुझ्याशी भांडलो. तू मला स्वार्थी बोललीस, ऐकून घेतलं. दुसरं काय करणार होतो? आईला सांगू, तुझा मुलगा बाई होऊन खोटं लिहितो म्हणून?"

मला त्याची लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, कारण आईच्या बाबतीत तो खरं बोलत होता आणि मीच त्याच्यावर संशय घेतला होता. घ्यायचा होता दुसऱ्याच गोष्टीचा, घेतला भलत्याच गोष्टीचा.

"उशाखालचं पुस्तक का घातलंस त्यात?" मी विचारलं.

"रोज कुठून नवीन आणणार? सुचत नाही. जे बघतो ते लिहितो." तो खाली बघत म्हणाला, "ते चाललं खूप. शेठने सगळ्यांना वाचून दाखवलं. असं लिहा, म्हणाला."

मग तो हळूच म्हणाला, "उद्याच्या रिपोर्टात माझी वॉलेट्स गाळ ना. बाकीच्यांचं गणपतीचं आहे तेवढं पुरे आहे. निर्धोक तसंही नापास होणार. मानसीच्या घरी कळलं तर वाट लागेल."

तो म्हणत होता ते खरं होतं. तेवढं पुरे होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोटेपणावर बोट ठेवत आले, आणि त्या टपरीवर मला मनापासून वाटलं की गाळावीत. आपला भाऊ आहे, पोलीस येतील, आणि आईचे पैसे तर वाचलेत. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तो काम टाकून माझ्याबरोबर निघाला.

आई दाराशी नारळ खवत बसली होती. दोघांना दुपारी एकत्र बघून ती चपापली. "काय रे, बरा मा सगळा?"

"आई, निर्धोक नापास," मी म्हटलं. "त्यात एक पैसा टाकायचा नाही. तेजलबेनना पण मीच सांगते."

आई खवत राहिली. अर्धी वाटी संपवली, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, "मंगळवारी घातलंय मी."

देवेशने विचारलं, "काय घातलंस?"

"पैशे. पोस्टातले. सगळे. तुमी दोघा कुत्र्यामांजरासारी भांडत होतात, मगे मी कोणाक इचारतलंय? तेजलबेनान माझ्या फोनात घालून दिल्यान."

"आई, मी नको म्हटलं होतं ना तुला?" त्याचा आवाज चढला. "शंभर वेळा नको म्हटलं होतं."

"तू नको म्हणलंस, पण कित्या ता सांगूक नाय. ही थांब म्हणाली, ता पण कित्या ता सांगूक नाय." आई शांतपणे बोलत होती, जणू आम्हीच काहीतरी हट्ट करत होतो. "मगे तेजलबेनान लोकांनी लिवलेला वाचून दाखयल्यान. कोण एक मारिया आसा, खयच्या परदेशातली. तिची आवस पण माझ्यासारीच, घोव गेलेली. पुस्तक उशाखाली घेवन रातभर जागता. तिचे पैशे हयसर ठेवल्यानी आणि आता ती दिवो मालवल्यार निजता. माका तीच ओळ लागली बघ. म्हटलंय, मी तरी कित्या जागू?"

देवेश भिंतीला टेकला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग त्याने पुढे होऊन आईचा फोन घेतला, निर्धोक उघडलं, सगळी रक्कम काढायची म्हणून बोट दाबलं. त्याची बोटं त्या कामात इतकी सराईत होती की मला बघवेना. स्क्रीनवर ओळ आली, आपली विनंती मिळाली आहे, पडताळणी सुरू आहे. त्याने परत दाबलं. तीच ओळ. मग अर्धी रक्कम घालून बघितली, मग पाव. तीच ओळ. रिपोर्टातून कोणाला गाळायचं हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला, कोणालाच नाही, आणि त्याने वर बघितलं तेव्हा त्यालाही ते कळलं होतं.

आई आम्हा दोघांची तोंडं बघत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. बाबांची गिरणी बंद झाली तेव्हाही तिला कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. ती बसल्या जागी जरा पुढे झुकली, खवलेल्या खोबऱ्याचं ताट बाजूला सारलं.

"गेले काय?" तिने विचारलं.

तिने पदर डोळ्यांना लावला नाही, आमच्यावर रागावलीही नाही. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने मान वर केली.

"मगे त्या मारियाच्या आवशीचे पण गेले?"

देवेशच्या हातात अजून तिचा फोन होता.

"गेले, आई," तो म्हणाला.